जिवंत दगडाच्या शोधांत

“दगड तो दगड! त्यांत आणखी निवड ती काय करायची?” असें सौभाग्यवतींनीं जेवतां जेवतां विचारलें, तेव्हां चिरंजीव हंसले, सूनबाई हंसल्या; नातू मात्र हंसला नाहीं. ताटांतल्या भातावरची नजर न काढतां तो तेरा वर्षांचा मुलगा म्हणाला, “आजी, दगडामुळेंच सगळीं मेलीं.” त्यानंतर जेवणें उरकेपर्यंत कोणी फारसें बोललें नाहीं.

हा प्रसंग पुण्यांतला नव्हे. अमेरिकेच्या आग्नेय कोंपऱ्यांत फ्लॉरिडा नांवाचा प्रांत जिभेसारखा समुद्रांत शिरला आहे. त्याच्या टोंकाजवळ मायामी शहर आहे, आणि त्या शहराच्या एका उपनगरांत आमचे चिरंजीव नोकरीच्या निमित्तानें बारा वर्षें राहात आहेत. मार्गशीर्षांत आम्ही उभयतां त्यांच्याकडे दोन महिन्यांसाठीं गेलों. पुण्याची थंडी चुकली ती इतकी कीं, तेथें पंखा लावून निजावें लागे. घरांत पाऊल टाकतांच डोळ्यांत भरली ती दिवाणखान्यांतली चार फूट लांबीची कांचेची टांकी. ती रिकामी होती. आम्ही येणार म्हणून सगळें घर झाडून पुसून सजविलेलें, आणि मध्यभागीं ही कोरडी पेटी! विचारावें तर मुलाचा चेहरा उतरे. हळूहळू सूनबाईंकडून हकीकत कळली.

वर्षापूर्वीं नातवानें वाढदिवसाच्या इतर भेटी नाकारून ही टांकी मागून घेतली होती. गोड्या पाण्याची नव्हे, खाऱ्या पाण्याची. तींत समुद्रांतल्यासारखी लहानशी प्रवाळभिंत वाढवावयाची, असा त्याचा बेत. टांकी २८४ लिटरांची. तींत घालावयाचे दगड नवे घेतले तर महाग पडतात, म्हणून चिरंजीवांनीं हा नाद सोडून देणाऱ्या एका गृहस्थाकडून जुने दगड स्वस्तांत आणले. दगड दिसावयास सुरेख होते. पण तीन आठवड्यांच्या आंत कांचेला चिकटलेल्या गोगलगाई एकामागून एक खालीं पडूं लागल्या; मग दोन कोळंब्या मेल्या; मग पोवळ्यांचें मांस विरघळल्यासारखें गळून नुसते पांढरे सांगाडे उरले. नवल असें कीं, नारिंगी रंगाच्या दोन माशांना कांहींच झालें नाहीं. चिरंजीव त्या दिवशीं कामावरून त्रासून आलेले, ते मुलाला म्हणाले, “साबणाचे हात पाण्यांत घातले असशील, दुसरें काय!” मुलगा कांहीं बोलला नाहीं. त्यानें मासे एका मित्राला देऊन टाकले, टांकी उपसली, आणि पुढें कित्येक महिने दिवाणखान्यांत बसणें सोडलें.

खरें कारण मागाहून निघालें. बाटलींत राहिलेलें थोडें पाणी तपासतां त्यांत तांब्याचा अंश सांपडला. मूळ मालकानें कधीं काळीं माशांच्या रोगावर तांब्याचें औषध त्याच दगडांवर ओतलें होतें. चुनखडीचा दगड तें तांबें शोषून घेतो आणि पुढें महिनेच्या महिने थोडें थोडें सोडीत राहतो. माशांना तेवढें सोसतें. गोगलगाय, कोळंबी, पोवळें यांना तें विष आहे. म्हणजे चूक हातांची नव्हती, दगडाची होती. आणि दगड बापानें आणला होता. हें चिरंजीवांना कळलें, मुलालाहि कळलें; पण तें कोणी कोणाला बोलून दाखविलें नाहीं. आमच्या घराण्यांत बापानें मुलापाशीं ‘माझें चुकलें’ म्हणण्याची चाल नाहीं. ती आम्हींहि कधीं पाडली नाहीं, तेव्हां दोष तरी कोणाला द्यावा?

आमच्या मुक्कामांत टांकी पुन्हां भरावयाची आणि या खेपेस दगड स्वतः जाऊन, पारखून आणावयाचे, असें ठरलें. त्याच बोलण्यांत सौभाग्यवतींच्या तोंडून वरील प्रश्न निघाला होता.

वाचकांना वाटेल कीं, दगड म्हणजे माशांना लपावयास एक आडोसा किंवा शोभेची वस्तु. आमचीहि समजूत तीच होती. ती नातवानें मोडली. मासा पाण्यांतच खातो आणि पाण्यांतच मळ टाकतो. त्या मळाचा अमोनिया होतो, आणि तो थोडाहि सांचला तर मासा मरतो. समुद्र अफाट, म्हणून तेथें तो सांचत नाहीं. टांकींत त्याची विल्हेवाट लावतात ते दगडाच्या अंगावर आणि छिद्रांत राहणारे सूक्ष्म जंतु. कांहीं जंतु अमोनियाचें नायट्राइट करतात, दुसरे त्याचें नायट्रेट करतात. आणि दगडाच्या अगदीं पोटांत, जेथें प्राणवायु जवळजवळ पोहोंचत नाहीं, तेथें तिसऱ्याच जातीचे जंतु नायट्रेट फोडून नुसता नायट्रोजन वायु मोकळा करतात. असा हा सगळा कारखाना. समुद्रांत वर्षानुवर्षें मुरलेल्या दगडाला हौशी लोक ‘जिवंत खडक’ म्हणतात तें याच अर्थानें. खडक जिवंत नसतो, त्याचे भाडेकरू जिवंत असतात. गाळण्यांचीं अवजड यंत्रें न लावतां केवळ अशा दगडांवर आणि हवेच्या बुडबुड्यांवर समुद्री टांकी चालवितां येते, हें जकार्त्याचे ली चिन एंग यांनीं सन १९६१ मध्यें लिहून प्रसिद्ध केलें. पुढें बर्लिनच्या हौशी मंडळींनीं पाण्यांतला मळ फेंसाबरोबर काढून टाकणारें यंत्र जोडून तीच रीत वाढविली.

हें सर्व ऐकून सौभाग्यवती म्हणाल्या, “म्हणजे विरजणासारखेंच कीं! भांड्याला मुळीं विरजण लावलेंच नाहीं, तर दहीं लागायचें कसें?” नातवाला विरजण म्हणजे काय तें समजावून सांगावें लागलें, पण समजल्यावर तो इतका खूष झाला कीं पुढें चार दिवस ‘विरजण’ हाच शब्द त्याच्या तोंडीं होता.

आम्हींहि आपलें ज्ञान चालवून पाहिलें. म्हटलें, सह्याद्रीचा काळा पाषाण काय वाईट? तो म्हणाला, “आजोबा, त्यावर व्हिनेगार टाकलें तर फसफसत नाहीं.” फसफसणें ही चुन्याची खूण, पोवळ्याचा सांगाडा चुन्याचा, तेव्हां टांकींतला दगडहि चुन्याचाच असलेला बरा, आणि आमचा पाषाण तर ज्वालामुखीच्या रसाचा, शिवाय घट्ट. मग आम्हीं कोंकणचा जांभा पुढें केला. छिद्रें म्हणाल तर जांभ्यासारखीं कोणत्या दगडाला? पण जांभ्यांत लोखंड फार, आणि लोखंडावर शेवाळ माजतें. आमचे दोन्ही दगड असे नापास झाले.

एका शनिवारीं पहाटे सहकुटुंब मोटारीनें निघालों. मायामीच्या दक्षिणेस जमीन संपते, आणि मग समुद्रांत नैर्ऋत्येकडे वळत गेलेली बेटांची एक लांबच लांब माळ लागते. या बेटांना ‘कीज’ म्हणतात. ‘कायो’ म्हणजे लहान बेट या स्पॅनिश शब्दाचें तें इंग्रजी रूप. माळेच्या शेवटीं की वेस्ट हें गांव आहे, आणि तेथपर्यंत ११३ मैलांचा रस्ता ४२ पुलांवरून गेला आहे. दोन्ही बाजूंस तिवरांचीं झाडें, त्यांपलीकडे पाणी. पाण्याचा रंग कोठें पोपटी, कोठें मोरपंखी, कोठें एकदम जांभळा. कोंकणच्या समुद्राची संवय असलेल्या डोळ्यांना हें पाणी प्रथम खोटें वाटतें. लाट अशी नाहींच. कारण पुढें कांहीं मैलांवर पाण्याखालीं प्रवाळभिंत आहे, तिच्यावर लाटा फुटतात, आणि किनाऱ्याशीं येतें तें दमलेलें पाणी.

हा रस्ता मुळांत आगगाडीचा. हेन्‍री फ्लॅग्लर नांवाच्या धनिकानें वृद्धपणीं हट्टानें हा लोहमार्ग बांधविला, आणि जानेवारी १९१२ मध्यें पहिली गाडी की वेस्टला पोहोंचली. भराव घालावयास दगड पाहिजे. तो या बेटांवरच फोडला. त्यांपैकीं विंडली की येथील एक खाण आज सरकारनें राखून ठेविली आहे, आणि आमचा पहिला मुक्काम तेथें होता. मुलाचा आग्रह असा कीं, विकत घेण्यापूर्वीं दगड आंतून कसा असतो तें आजीआजोबांनीं पाहिलें पाहिजे.

खाण म्हणजे झाडींत लपलेला एक चौकोनी खळगा. भिंती आठेक फूट उंच, यंत्रानें कापलेल्या, ताशीव. एका बाजूस गंजून गेलेलें जुनें यंत्र. पाहतां क्षणीं विशेष कांहीं दिसेना. मग नातवानें सौभाग्यवतींचा हात धरून भिंतीवर ठेवला. त्याबरोबर आम्हांला दिसूं लागलें: भिंत दगडाची नव्हती, पोवळ्यांची होती! करवतीनें फणस मधोमध कापावा तशीं मोठमोठालीं पोवळीं जागच्या जागीं कापलीं गेलीं होतीं. त्यांच्या वाढीच्या रेषा पंख्याच्या काड्यांसारख्या वर वर पसरलेल्या. ही भिंत सुमारें सव्वा लक्ष वर्षांपूर्वींची. तेव्हां समुद्राची पातळी आजच्याहून कित्येक फूट उंच होती आणि हीं बेटें पाण्याखालीं होतीं. पाणी उतरलें, पोवळीं मेलीं, आणि त्यांच्या सांगाड्यांवर आज माणसें घरें बांधून राहतात.

एका पोवळ्याच्या अंगावर वाटाण्याएवढ्या चांदण्या होत्या. प्रत्येक चांदणी म्हणजे एका जीवाची कोठडी, आणि तिच्यांतल्या आऱ्या म्हणजे कोठडीचे पडदे. नातवानें भिंग काढून आमच्या हातीं दिलें आणि मोजावयास सांगितलें. चोवीस भरल्या. “सहाच्या पाढ्यांत असतात, आजोबा. भिंती बांधणाऱ्या पोवळ्यांचें सगळें सहाच्या हिशोबानें.” मराठींतले पाढे त्याला आम्हींच फोनवर शिकविले होते, त्यांचा असा उपयोग होईल हें स्वप्नींहि नव्हतें.

तेथें उभे असतां आम्हांला आमच्या पुण्याच्या घरांतल्या एका वस्तूची आठवण झाली, आणि ती आम्हीं कौतुकानें सांगितली. सन १९६२ सालीं आमचे वडील रामेश्वराची यात्रा करून आले, तेव्हां काशीच्या गंगेबरोबर नेण्याआणण्याचे सर्व विधि तर त्यांनीं केलेच, पण धनुष्कोडीच्या वाळूबरोबर पांढऱ्या पोवळ्याचा एक मुठीएवढा तुकडाहि त्यांनीं आणला. तो देवघराशेजारच्या कोनाड्यांत आजतागायत आहे. दर दिवाळीला सौभाग्यवती तो धुवून पुसून ठेवतात.

नातवानें विचारलें, “तो कोणी तोडला?”

आम्हीं म्हटलें, “वडिलांनीं विकत घेतला असेल; तेथें विकावयास असत.”

“हो, पण तोडला कोणी? मेलेला सांपडला, का जिवंत होता आणि वाळविला?”

या प्रश्नाचें उत्तर आम्हांपाशीं नव्हतें, आणि साठ वर्षांत हा प्रश्न आमच्या मनांत आला नव्हता, हेंहि खरें. मन्नारच्या आखातांतून चुन्यासाठीं आणि सीमेंटासाठीं पोवळ्याचे दगड एके काळीं इतके उपसले गेले कीं, तेथील एकवीस बेटांपैकीं दोन पाण्याखालीं गेलीं. आपल्याकडे पोवळीं काढण्यास कायद्यानें पुरी बंदी झाली ती २००१ मध्यें. वडिलांना यांतलें कांहीं ठाऊक असणें शक्य नव्हतें. पण नातवाला ‘ठाऊक नव्हतें’ असें सांगतांना आमचा आवाज हवा तितका ठाम निघाला नाहीं.

तेथून तीन मैलांवर इस्लामोराडा येथें रस्त्याच्या कडेला एक स्मारक आहे. वाऱ्यानें वांकलेलीं माडाचीं झाडें आणि खालीं लाटा, असें शिल्प, आणि दगड याच बेटांतला पोवळ्यांचा. सन १९३५ च्या २ सप्टेंबरला येथें जें वादळ झालें, त्यांत चारशेंहून अधिक माणसें मेलीं. त्यांना सोडविण्यासाठीं मायामीहून धाडलेली आगगाडी समुद्राच्या लाटेनें येथेंच रुळांवरून उलथली. केवळ एंजिन उभें राहिलें. त्यानंतर तो लोहमार्ग पुन्हां बांधला नाहीं. त्याच्याच पुलांवरून १९३८ मध्यें मोटारींचा रस्ता सुरू झाला. हें वाचून होतांच सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, धनुष्कोडी!” १९६४ च्या डिसेंबरांत धनुष्कोडीची गाडी अशीच लाटेनें उतारूंसकट नेली. आमचे वडील त्याच मार्गावरून दोनच वर्षें आधीं गेले होते. पृथ्वीच्या दोन टोंकांस दोन बेटें, दोन गाड्या. आम्ही तेथें बराच वेळ उभे राहिलों. चिरंजीवांनीं घड्याळ दाखविलें नाहीं, हा त्यांचा चांगुलपणा.

दुपारीं की लार्गो येथील जॉन पेनीकॅम्प उद्यानांतून कांचेच्या तळाच्या बोटींत बसलों. सन १९६० मध्यें स्थापन झालेलें हें अमेरिकेंतलें पहिलें समुद्राखालचें उद्यान. त्यापूर्वीं लोक छिनीनें, इतकेंच काय सुरुंगानेंहि, पोवळीं फोडून नेत आणि प्रवाशांना रस्त्यावर विकीत. म्हणजे रामेश्वराचीच तऱ्हा. बोटीच्या कांचेखालीं पंख्याच्या आकाराचीं जांभळीं पोवळीं पाण्याबरोबर झुलतांना दिसलीं, पोपटासारख्या चोंचीचे मासे खडक कुरतडतांना दिसले. पण सांबराच्या शिंगांसारख्या फांद्यांचीं जीं पोवळीं पाहण्याची नातवाला उत्कंठा होती, त्यांचे बहुतेक नुसते सांगाडे होते, आणि त्यांवर तपकिरी शेवाळाचा थर. सन २०२३ च्या उन्हाळ्यांत येथलें पाणी अतोनात तापलें; किनाऱ्याजवळच्या मॅनटी बे या उथळ खाडींत २४ जुलैला ३८ अंश सेंटिग्रेडच्या वर पारा गेला होता. आपण स्नानाला काढतों तें पाणी याहून फार ऊन नसतें. त्या वेळीं कित्येक पोवळीं समुद्रांतून काढून जमिनीवरच्या टांक्यांत नेऊन ठेवावीं लागलीं. समुद्रांत जगेना म्हणून टांकींत! नातू बोटीच्या कठड्याला रेलून एवढेंच म्हणाला कीं, “त्यांच्या टांकींत तांबें नसेल.” चिरंजीव दुसरीकडे पाहूं लागले.

रात्र एका पथिकाश्रमांत काढून दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही दगडांच्या शेतकऱ्याकडे गेलों. शेतकरीच म्हणावयाचें, कारण तो दगड पिकवितो. साठीच्या घरांतला, उन्हानें रापलेला, अनवाणी माणूस. अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारनें १९९६–९७ पासून फ्लॉरिडाच्या दोन्ही बाजूंच्या समुद्रांत नैसर्गिक जिवंत खडक फोडण्यास मनाई केली. तेव्हांपासून हा धंदा वाढला. जमिनीवरच्या खाणींतून चुनखडीचे दगड विकत घ्यावयाचे, बोटींतून नेऊन खंडानें घेतलेल्या समुद्रतळाच्या वाळूंत टाकावयाचे, आणि तीन-चार वर्षें वाट पाहावयाची. अट अशी कीं, टाकलेला दगड त्या जागच्या नैसर्गिक दगडाहून वेगळा ओळखतां आला पाहिजे, नाहींतर त्यावर न पुसणारी खूण पाहिजे. म्हणजे पेरल्याखेरीज कापणी करतां येत नाहीं. वादळ झालें कीं पीक वाळूखालीं गडप. आम्हीं विचारलें, विमा? तो हंसला.

पत्र्याच्या छपराखालीं त्याचे हौद होते आणि त्यांतून समुद्राचें पाणी सारखें वाहात होतें. दगडांवर गुलाबी-जांभळें, चुन्याचें कवच धरणारें शेवाळ, नारिंगी स्पंज, केंसाएवढ्या किड्यांच्या नळ्या, आणि कोठें कोठें एखादा खेकडा. शेतकऱ्यानें विचारलें, “टांकी कोणाची?”

चिरंजीवांनीं मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि इंग्रजींत उत्तर दिलें. त्याचें मराठी असें: “याची. आधींची टांकी चांगली चालविली होती यानें. ती गेली ती माझ्या दगडामुळें. मीं न विचारतां जुना माल आणला.” शेतकऱ्यानें मान हलविली, त्याला त्यांत विशेष कांहीं वाटलें नाहीं. मुलगा हौदांत पाहात होता, तो पाहातच राहिला. पण त्याचे कान लाल झालेले आम्हांला दिसले. सौभाग्यवतींनीं आमच्या कोंपराला हळूच स्पर्श केला. परक्या माणसाजवळ, परक्या भाषेंत कां होईना, पण चाल पडली!

त्यानंतर निवड सुरू झाली, आणि ती दीड तास चालली. मुलगा प्रत्येक दगड दोन्ही हातांनीं तोली. आकारानें मोठा आणि वजनानें हलका, तो चांगला. त्याच्या पोटांत छिद्रें अधिक, म्हणजे जंतूंना बिऱ्हाडें अधिक. फ्लॉरिडाचा दगड या बाबतींत उणा आहे. फिजी, टोंगा अशा पॅसिफिक बेटांचा दगड एके काळीं विपुल येई, तो याहून हलका आणि फांद्याफांद्यांचा असे. आतां तो फारसा मिळत नाहीं, आणि कालची खाण व बोट पाहून झाल्यावर त्याची हळहळ आम्हांला वाटली नाहीं. म्हणून मुलगा शिंपल्यांनीं आणि स्पंजांनीं पोखरलेले दगड शोधून काढी. मग वास. ओल्या दगडाला समुद्राचा वास यावा. नासक्या अंड्याचा वास आला तर आंत कांहींतरी मेलें आहे. मग बैठक: दगडावर दगड ठेवला असतां बोटानें ढकलून हलतां कामा नये, आणि मध्यें पाणी खेळावयास पोकळी राहिली पाहिजे. आमच्या आईला भाजीबाजारांत वांगीं निवडतांना आम्हीं पाहिलें आहे. तीच चिकाटी, तोच अविश्वास, आणि विक्रेत्याच्या चेहऱ्यावरचा तोच भाव.

एका मुद्द्यावर बापलेकांचा वाद झाला. चिरंजीवांचें म्हणणें, सगळेच दगड कोरडे घ्यावे. खाणींतल्या कोरड्या दगडांत किडा नाहीं, खेकडा नाहीं, आणि काय आहे तें तपासतां येतें. मुलाचें म्हणणें, कोरड्या दगडाला पिकावयास कित्येक महिने लागतात, आणि एकदां पिकला तरी त्यावर तेवढेच जीव येणार जेवढे आपण आणून सोडूं. दोघांचेंहि खरें होतें. शेवटीं तीस किलोंपैकीं दहा किलो जिवंत आणि वीस किलो कोरडे, असें ठरलें. “दहा किलो विरजण,” मुलगा म्हणाला, आणि बाप हंसला. मात्र या वेळीं कोरडे दगडहि सुटले नाहींत. घरीं आणून ते आठ दिवस बादल्यांत भिजविले, आणि त्या पाण्यांत फॉस्फेट किती उतरतें तें बापलेकांनीं मिळून मोजलें, कारण तें अधिक झालें तर शेवाळाचें रान माजतें. तांब्याची परीक्षा मुलानें तीनदां घेतली. बापानें एकदांहि ‘पुरे’ म्हटलें नाहीं.

जिवंत दगड ओल्या वर्तमानपत्रांत गुंडाळून आणले आणि मोटारखान्यांत वेगळ्या पिंपांत ठेवले. वाटेंत त्यांवरचे कांहीं जीव मरतात, ते कुजून अमोनिया सुटतो; तो ओसरेपर्यंत दगड टांकींत घालावयाचा नाहीं. तो वास कसा होता तें लिहिण्याची आवश्यकता नाहीं. तिसऱ्या दिवशीं सौभाग्यवतींना एका दगडांतून बोटभर लांबीचा केंसाळ किडा बाहेर आलेला दिसला, आणि त्यांचा धीर सुटला. कोणास न विचारतां त्यांनीं मोठें पातेलें चुलीवर चढविलें. उकळत्या पाण्यानें काय निर्मळ होत नाहीं? दगड हातीं घेऊन त्या स्वयंपाकघरांत येतात तोंच चिरंजीव धांवत आले. “आई, नको!” एवढ्या मोठ्यानें ते आईशीं जन्मांत बोलले नसतील.

मागाहून कारण कळलें तेव्हां आमच्या अंगावर कांटा आला. अशा दगडांवर कधीं कधीं गोंडस फुलांसारखे एक जातीचे जीव चिकटलेले असतात. त्यांच्या अंगांत पॅलिटॉक्सिन नांवाचें विष असतें, आणि तें ज्ञात विषांपैकीं अत्यंत जहाल विषांत मोडतें. दगड उकळला तर तें वाफेबरोबर हवेंत उतरतें. अशा रीतीनें घरांतलीं सर्व माणसें रुग्णालयांत गेल्याचे प्रसंग खरोखर घडले आहेत. आमच्या त्या दगडावर तसे जीव नव्हते; पण तें सौभाग्यवतींना किंवा आम्हांला ओळखतां थोडेंच येणार होतें? त्या दिवशीं सूनबाईंनीं चहा केला, आणि पातेलें मुकाट्यानें फडताळांत परत गेलें.

चवथ्या आठवड्यांत अमोनिया शून्यावर आला. दगड टांकींत रचले: प्रथम तळाच्या कांचेवर दगड, मग भोंवतालीं वाळू, उलट केलें तर वाळू उकरणारे जीव वरचा डोलारा पाडतात. मागच्या कांचेला दगड टेकूं दिले नाहींत. रचना मुलाची, हात बापाचे. एक रात्र टांकींतून ‘टक्‌ टक्‌’ असा आवाज आला. आम्हांला वाटलें, कांच तडकली! मुलानें तांबड्या दिव्यानें पाहिलें. दगडाच्या बिळांत टोळासारखे पुढचे पाय असलेली एक कोळंबी बसली होती. ती त्या पायांच्या फटक्यानें शिंपले फोडते आणि गोगलगाय राहूं देत नाहीं. दोन रात्री जागून, बाटलीचा सांपळा लावून, बापलेकांनीं तिला पकडलें. तिला मारावें असें कोणी सुचविलें नाहीं; ती आतां मोटारखान्यांत तिच्या स्वतःच्या लहान टांकींत राहते आणि दिवसाकांठीं एक शिंपला खाते.

आम्ही निघालों त्या दिवशीं मोठ्या टांकींत पहिल्या दोन गोगलगाई सोडल्या. एक कांचेवर चढूं लागली. मुलगा विमानतळावर येण्याऐवजीं तिच्याजवळ बसून राहिला, याचें सौभाग्यवतींना वाईट वाटलें, आम्हांला नाहीं.

परवां त्याचें पत्र आलें. पांच आठवडे झाले, दोन्ही गोगलगाई जिवंत आहेत, दगडावर जांभळा ठिपका नवा उमटला आहे, आणि मासे पुढच्या महिन्यांत. शेवटीं एक ओळ होती: “आजोबा, कोनाड्यांतल्या पोवळ्याच्या आऱ्या मोजल्या का?”

मोजल्या नव्हत्या. त्याच दुपारीं तुकडा उतरवून खिडकीशीं नेला. साठ दिवाळ्यांच्या धुण्यापुसण्यानें त्याच्या वरच्या अंगावरच्या चांदण्या झिजून सपाट झाल्या आहेत. खालच्या अंगाला, जेथें हात पोहोंचला नाहीं, तेथें दोन-तीन धड आहेत. भिंग लावून आम्हीं चोवीस मोजल्या. सौभाग्यवतींनीं मोजल्या, त्यांना तेवीस मिळाल्या. उजेड कमी होता. उद्यां सकाळीं गच्चीवर नेऊन पुन्हां मोजणार आहों, आणि मगच उत्तर लिहिणार आहों.